‘माजी खेळाडूला अटक’ : अमेरिकेतल्या एका मथळ्याची चिरफाड

अमेरिकेतल्या, त्यातही दक्षिणेकडच्या राज्यांतल्या एखाद्या मध्यम शहराचं वर्तमानपत्र महिनाभर चाळलं, तर एक मथळा हमखास सापडतो: ‘अमुक विद्यापीठाच्या माजी फुटबॉलपटूला अटक’ (फुटबॉल म्हणजे तिथला ‘अमेरिकन फुटबॉल’). बातमी उघडली की कळतं, गडी दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, किंवा बारमध्ये बाचाबाची झाली, किंवा लायसन्सची मुदत संपलेली होती आणि जुना दंडही थकलेला होता. वय बत्तीस. कॉलेज सुटून दहा वर्षं झालेली. सध्या विमा विकतो, नाहीतर शाळेत पीटी शिकवतो. त्याच रात्री, त्याच तुरुंगात, त्याच कलमाखाली आणखी पाच-सहा जणांची नोंद झालेली असते. त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर छापत नाही. याची मात्र बातमी होते, सोबत फोटो असतो, आणि पुढे कितीही वर्षांनी याचं नाव शोधलं की तोच फोटो वर येतो.

‘मीडियाला मसाला लागतो’ असं म्हणून हात झटकता येतील, पण ते अर्धंच उत्तर झालं. यात तिथला कायदा आहे, कॉलेज खेळांचं तिथलं वेड आहे, आणि खेळाडूंना पोलीस सांभाळून घेतात हा जुना संशयही आहे. तो संशय अगदीच बिनबुडाचा नाही, हीच यातली गोम आहे.

आधी कॉलेज खेळांबद्दल. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा निकाल आला तर आतल्या पानावर दोन ओळींत येतो. जॉर्जिया विद्यापीठ ज्या अथेन्स गावात आहे त्याची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता ९२ हजारांहून जास्त. म्हणजे वानखेडेच्या जवळजवळ तिप्पट प्रेक्षक, एका कॉलेजच्या सामन्याला. राज्यात व्यावसायिक संघ असला तरी लोकांच्या जिवाला लागतो तो विद्यापीठाचा संघ. एकदा ती जर्सी अंगावर चढली की माणूस जन्मभर ‘आपला’ होतो. तो पुढे काय करतो, कुठे राहतो, कोणाशी भांडतो, यात गावाला रस उरतोच.

पण यातले बहुतेक जण पुढे कोणीच ‘मोठे’ होत नाहीत. एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य नियामक संस्था. तिच्या छत्राखाली पाच लाखांहून जास्त खेळाडू आहेत, आणि त्यातले दोन टक्क्यांहूनही कमी पुढे व्यावसायिक खेळाडू होतात, असं ती संस्था स्वतःच सांगते. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के तुमच्या-माझ्यासारखे नोकरीधंद्याला लागतात. त्यातही एक क्रूर गंमत आहे. १ जुलै २०२१ पर्यंत कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर किंवा फोटोवर एक डॉलरही कमावायची परवानगी नव्हती. जाहिरात केली, सही विकली, तर खेळण्याची पात्रताच जायची. त्या काळात खेळून बाहेर पडलेल्या मुलाच्या नावाला बाजारात किंमत आली ती थेट त्याच्या अटकेच्या मथळ्यात, आणि ती मिळाली क्लिक मोजणाऱ्याला.

आता ‘किरकोळ गुन्हा’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळ दोन वर्ग: फेलनी आणि मिसडिमीनर. फेलनी म्हणजे गंभीर, एक वर्षाहून जास्त तुरुंगवास होऊ शकेल असा. मिसडिमीनर त्याखालचा. जॉर्जियात मिसडिमीनरला साधारणपणे जास्तीत जास्त बारा महिने कैद आणि १,००० डॉलर दंड. आपल्या दखलपात्र-अदखलपात्र विभागणीशी याची गल्लत करू नये. ती वॉरंटशिवाय अटक करता येते की नाही यावर बेतलेली आहे, ही शिक्षेच्या लांबीवर. आणखी एक गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल: जॉर्जियात वेगमर्यादा ओलांडणं हासुद्धा कायद्याच्या भाषेत मिसडिमीनरच आहे. आपल्याकडे ज्याची पावती फाटते, किंवा चौकात ‘साहेब, जरा समजून घ्या’ होतं, त्यासाठी तिथे माणसाला तुरुंगात नेऊन नोंद होऊ शकते.

या नोंदीला ‘बुकिंग’ म्हणतात. बोटांचे ठसे, उंची, वजन, आरोप, जामिनाची रक्कम आणि समोरून काढलेला फोटो, म्हणजे मगशॉट. बुकिंग म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. अजून न्यायाधीशाने कागद पाहिलेलाही नसतो. तरीही अनेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ही यादी तासाभरात संकेतस्थळावर चढते. आपल्याकडे आरोपीला कोर्टात नेताना डोक्यावर काळा बुरखा चढवतात, कारण ओळख परेड व्हायची असते. तिथे अटक झाल्याबरोबर चेहरा जगासमोर.

या उघडेपणामागचं मूळ कारण चांगलं आहे, हे सांगायला हवं. पोलिसांनी कोणाला उचललं, कशासाठी, कुठे ठेवलं, हे गुप्त राहिलं तर माणसं गायब करणं सोपं होतं. म्हणून अटकेची नोंद सार्वजनिक. पण त्याच नोंदीचा दुसरा उपयोग काय होतो, ते १९७६ च्या पॉल विरुद्ध डेव्हिस या खटल्यात दिसलं. केंटकीतल्या लुईव्हिलच्या पोलिसांनी ‘सक्रिय दुकानचोर’ म्हणून नावं आणि फोटो असलेलं पत्रक सुमारे ८०० दुकानदारांना वाटलं. त्यात एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचा फोटो होता. त्याच्यावर दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप झाला होता, पण तो सिद्ध झालेला नव्हता आणि थोड्याच दिवसांत काढूनही टाकला गेला. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की केवळ बदनामी झाली म्हणून संविधानातला हक्क मोडला असं होत नाही. हाच विचार आजच्या मगशॉटच्या मुळाशी आहे.

या फोटोंवर मग धंदा उभा राहिला. तुरुंगाच्या यादीतून फोटो उचलायचे, आपल्या साइटवर टाकायचे, आणि काढून हवा असेल तर पैसे मागायचे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा एका साइटच्या चालकांवर खंडणीचे गुन्हे दाखल केले. तीन वर्षांत देशभरातल्या ५,७०० हून जास्त लोकांकडून वीस लाख डॉलरच्या वर उकळले, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. जॉर्जियाने तर त्याआधीच, २०१३ आणि २०१४ मध्ये कायदे करून विशिष्ट परिस्थितीत असे फोटो फुकट काढून टाकणं बंधनकारक केलं आणि पोलिसांनी ते स्वतःच्या संकेतस्थळावर टाकण्यालाही आळा घातला. वृत्तपत्रांच्या बातम्यांना मात्र यातलं काही लागू होत नाही, आणि माझ्या मते होऊही नये. सरकार बातम्या पुसायला लागलं तर पहिल्यांदा कोणत्या पुसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता एक खरं प्रकरण जवळून पाहू, कारण ‘किरकोळ’ हा शब्द किती फसवा आहे हे त्यात दिसतं.

जानेवारी २०२३. जॉर्जियाच्या संघाने ६५–७ अशा फरकाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. अथेन्समध्ये मिरवणूक निघाली आणि त्याच रात्री, १५ जानेवारीच्या पहाटे, गाडीला अपघात होऊन संघातला एक खेळाडू आणि संघाची एक कर्मचारी असे दोघं गेले. दुसऱ्या गाडीत जेलन कार्टर होता. बचावफळीतला तारा, एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत पहिल्या काहींत जाणार असं सगळे म्हणत होते. कॉलेजचं मैदान त्याने नुकतंच सोडलं होतं. १ मार्चला तो इंडियानापोलिसला एनएफएलच्या चाचणी शिबिरात होता, पत्रकारांसमोर बोलायला येणार होता, आणि त्याच सकाळी अथेन्सच्या पोलिसांनी वॉरंट जाहीर केलं. आरोप दोन: बेदरकार गाडी चालवणं आणि शर्यत लावणं. दोन्ही मिसडिमीनर.

तो विमानाने परत आला. रात्री ११.३३ ला तुरुंगात नोंद, ११.४९ ला सुटका. सोळा मिनिटं. तिथून पुन्हा इंडियानापोलिस. पंधरवड्यात प्रकरण निकालात निघालं: आरोप कबूलही नाहीत आणि लढवायचेही नाहीत, असा तिथला ‘नो कंटेस्ट’ पर्याय त्याने घेतला. बारा महिने प्रोबेशन, १,००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा. एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं.

कायद्याच्या तराजूत हे हलकं प्रकरण. पण दोन जीव गेले होते, गाड्या ताशी शंभर मैलांच्या आसपास पळत होत्या असं पोलिसांचं म्हणणं होतं, आणि संघाच्या नावाने मिळालेल्या गाड्या आणि सवलती हा सगळाच विषय त्यात होता. इथे पत्रकारांनी खोदायलाच हवं होतं, आणि खोदलं. पुढच्या काही महिन्यांत जॉर्जियाच्या खेळाडूंना वेगाबद्दल मिळालेल्या पावत्यांच्याही राष्ट्रीय बातम्या झाल्या. एरवी मी नाक मुरडलं असतं. पण ज्या संघातले दोघं वेगापायी गेले त्याच संघात नंतरही तेच चालू असेल, तर ती बातमी आहे. तीच पावती दहा वर्षांपूर्वी खेळलेल्या, आज छप्परं दुरुस्त करणाऱ्या माणसाला मिळाली, तर ती बातमी नाही. कलम दोघांना एकच लागतं; त्यामागे सत्ता, पैसा किंवा संस्था उभी आहे का, एवढाच फरक.

हा फरक संपादकांना कळत नाही असं नाही. अडचण अशी की किरकोळ गुन्ह्यांच्या कागदांतूनच मोठी प्रकरणं बाहेर आलेली आहेत. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचं उदाहरण पाहा. ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ आणि इतर माध्यमांनी फुटबॉलपटूंच्या पार्किंगच्या पावत्या मागितल्या. विद्यापीठ म्हणालं, हे विद्यार्थ्यांचं शैक्षणिक रेकॉर्ड आहे, देता येणार नाही. पार्किंगची पावती आणि शैक्षणिक रेकॉर्ड! प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०११ मध्ये कागद बाहेर आले तेव्हा कळलं की ११ खेळाडूंच्या नावावर मिळून ३९५ पावत्या होत्या. ही मुलं कोणाच्या गाड्या चालवत होती, हा पुढचा प्रश्न आपोआप आला. विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा कायदा ढालीसारखा वापरण्याची ही खोड जुनी आहे; मेरीलँडच्या सर्वोच्च कोर्टाने १९९८ मध्येच, विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने लढलेल्या खटल्यात, पार्किंगच्या पावत्यांना हा कायदा लागू नाही असं सांगून टाकलं होतं.

त्याहून महत्त्वाचं काम ईएसपीएनने २०१५ मध्ये केलं. दहा विद्यापीठांतल्या फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंची २००९ ते २०१४ पर्यंतची पोलीस प्रकरणं काढली. नुसती संख्या मोजली नाही, पुढे काय झालं ते पाहिलं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या खेळाडूंच्या सुमारे ७० टक्के प्रकरणांत एकतर आरोप ठेवलेच गेले नाहीत, नाहीतर मागे घेतले गेले. त्याच गावातल्या त्याच वयाच्या इतर तरुण पुरुषांच्या नमुन्यात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होतं. कारणं प्रत्येक वेळी फोन फिरवणं हे नव्हतं. महागडा वकील लगेच मिळतो, प्रशिक्षक मध्ये येतात, आणि साक्षीदार किंवा फिर्यादी गावाच्या रोषाला घाबरून मागे हटतात. ही माहिती मिळवण्यासाठीही ईएसपीएनला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मिशिगन स्टेटकडून ३०१ खेळाडूंबद्दलचे अहवाल मागितले, तर विद्यापीठाने नावं काळी करून दिली. कोर्टाने संशयितांची नावं उघड करायला लावली. खासगी असलेल्या नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध मात्र २०१६ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयात ईएसपीएन हरलं: तिथले कॅम्पस पोलीस ‘सार्वजनिक संस्था’ नाहीत, असा निकाल लागला.

म्हणजे खेळाडूंच्या बारीकसारीक गुन्ह्यांकडे बघूच नका, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर द्यावं लागतं. पण बघणाऱ्याचाही तोल जातो. याच जॉर्जिया विद्यापीठाबद्दल ‘अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’ने जून २०२३ मध्ये मोठी शोधबातमी छापली. महिलांवरच्या अत्याचारांचे आरोप असूनही ११ खेळाडूंना संघाने सांभाळून घेतलं, असा तिचा दावा होता. विद्यापीठाने लांबलचक पत्र पाठवून एकेक मुद्दा खोडला. वृत्तपत्राने आपल्या पातळीवर तपास केला, तेव्हा ११ चा आकडा सिद्ध करता येईना, शिवाय एका अवतरणात दोन वेगळी वाक्यं जोडलेली निघाली. जुलैत बातमीत दुरुस्ती झाली आणि वार्ताहराची नोकरी गेली. त्यानंतर त्या संघाबद्दलची खरी बातमी छापतानाही दहा वेळा विचार होणार. हे नुकसान आकड्यात मोजता येत नाही.

पुन्हा आपल्या विमा विकणाऱ्या बत्तीस वर्षांच्या माजी खेळाडूकडे येऊ. त्याच्यावरचा आरोप सहा महिन्यांनी मागे घेतला गेला, असं धरू. कोर्टात वार्ताहर नव्हता. बातमी आली नाही. जॉर्जियात मागे घेतलेल्या प्रकरणाची नोंद खासगी नोकरीसाठीच्या तपासणीपासून झाकता येते. काही राज्यं तर याहून पुढे जातात: कनेक्टिकटचा कायदा म्हणतो की अशी अटक ‘झालीच नाही’ असं धरायचं. तिथल्याच एका महिलेने नेमकं हेच म्हणून वृत्तपत्रांवर दावा लावला: कायद्याने अटक झालीच नाही, मग तुमची जुनी बातमी खोटी ठरते, काढून टाका. २०१५ मध्ये फेडरल अपील कोर्टाने तो फेटाळला. कायदा सरकारला विसरायला लावू शकतो, पण घडलेली गोष्ट त्यामुळे न घडलेली होत नाही, असा त्याचा मथितार्थ. तर्क बिनतोड आहे. फक्त नोकरी देणारा माणूस सरकारी नोंद बघण्याआधी गूगल करतो.

खरा नामवंत असला की हा प्रश्नच येत नाही. टेक्सास विद्यापीठाचा माजी गोल्फपटू आणि जगात पहिल्या क्रमांकावर असलेला स्कॉटी शेफलर १७ मे २०२४ रोजी लुईव्हिलला स्पर्धेच्या दारातच पकडला गेला. मगशॉट काही तासांत जगभर गेला, लोकांनी तो टी-शर्टवरही छापला. २९ मे रोजी सगळे आरोप मागे घेतले गेले आणि तीही बातमी तेवढीच जगभर गेली. प्रसिद्धीने पकडलं आणि प्रसिद्धीनेच सोडवलं. मधल्या माणसाची पंचाईत ही की त्याची प्रसिद्धी अटकेपुरती पुरते, सुटकेपर्यंत पोहोचत नाही.

आपल्याला याचं काय, असं वाटणाऱ्यांसाठी एक आडवळण. अर्धवट नोंदीचा हाच फटका २०२५ च्या वसंतात अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांना बसला, आणि त्यात आपल्याकडची मुलं मोठ्या संख्येने होती. तिथल्या सरकारने सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधून फिरवली. हजारो जणांच्या विद्यार्थी म्हणून असलेल्या नोंदी रद्द झाल्या. कोणाची जुनी वाहतुकीची पावती, कोणाचं कधीच निकाली निघालेलं प्रकरण. डेटाबेसला पोलिसांशी गाठ पडल्याचं माहीत होतं, पुढे काय झालं ते बहुतेक वेळा माहीत नव्हतं. खटल्यांवर खटले पडल्यावर एप्रिलअखेर सरकारने नोंदी पूर्ववत करायचं कबूल केलं. मुलगा-मुलगी तिकडे शिकत असेल तर ‘किरकोळ आहे, दंड भरून मोकळा हो’ हा सल्ला वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नये.

वृत्तकक्षांत गेल्या काही वर्षांत हालचाल झाली आहे. क्लीव्हलँड डॉट कॉम या वृत्तसंकेतस्थळाने २०१८ मध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या बातम्यांतली नावं अर्ज आल्यावर काढायला सुरुवात केली. २०२० मध्ये ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ आणि ‘टॅम्पा बे टाइम्स’ने मगशॉटची दालनं बंद केली, या दालनांना वाचक भरपूर मिळत, हे लक्षात घेतलं तर निर्णय सोपा नव्हता. ‘बोस्टन ग्लोब’ने २०२१ च्या जानेवारीत संपादकांची समिती बसवली: अर्ज आला की बातमी अद्ययावत करायची, नाव काढायचं की शोधात न दिसेल असं करायचं, ते ती ठरवते. आणि जून २०२१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने नियम केला की किरकोळ गुन्ह्याच्या छोट्या बातमीत, जिचा पुढे पाठपुरावा होणार नाही, संशयिताचं नाव द्यायचं नाही. केवळ फोटो विचित्र आहे म्हणून बातमी चालवायची नाही.

हा शेवटचा नियम आपल्या मथळ्याला लावून पाहा. ‘दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकाला अटक’ एवढंच उरतं. नाव काढलं तरी ‘जॉर्जियाचा माजी फुटबॉलपटू’ ठेवलं तर गावात कोणालाही तो पाच मिनिटांत ओळखता येतो, कारण त्या वर्षीच्या संघाची यादी, जर्सीच्या नंबरासकट, विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर असते. म्हणून हा नियम नीट पाळायचा तर संपादकाला नावाआधी ‘माजी’ या बिरुदाला कात्री लावावी लागते, आणि ते कापल्यावर छापण्यासारखं काही उरलं आहे का ते बघावं लागतं. स्थानिक क्रीडा विभागांत ही कात्री अजून फारशी चालत नाही. फुटबॉलचा हंगाम संपल्यानंतरच्या महिन्यांत तर नाहीच, कारण तेव्हा पानं भरायला दुसरं काही नसतं.